तोफनौकेवरची तुळस

कोशावा वारा सुटला की झेमुनमधली शहाणी माणसं घरात बसतात. नेवेनाही शहाणीच होती, पण तिच्या आजोबांना कार्प मासा हवा होता, तोही त्यांच्या ठरलेल्या कोळ्याकडचाच. मग काय, निघाली बिचारी डॅन्यूबच्या काठाने. मासा मिळाला. परतताना मात्र वाऱ्याने तिची छत्री उलटीपालटी केली, रुमाल डोळ्यांवर ओढला, आणि जे पहिलं दार हाताला लागलं ते ढकलून ती आत शिरली.

आत वाचनालयाची मागची खोली होती. एका लांब टेबलावर निळं कापड अंथरलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना चिमुकली झाडं, चिमुकली घरं, आणि निळ्या कापडावर वीतवीतभर नौका. भोवती सहा-सात मोठी माणसं लढाईचा खेळ मांडून, हातात फासे आणि मोजपट्ट्या घेऊन, गंभीर चेहऱ्याने उभी.

"दार लावता का?" एक उंच तरुण म्हणाला. "माझं आरमार उडून चाललंय."

"तुमचं आरमार?" नेवेनाने दार लावलं.

"सध्या माझं आहे. अजून पाच मिनिटं तरी."

त्याच्या डाव्या कानाच्या पाळीवर राखाडी रंगाचा ठिपका होता. पुसून टाकावा असं तिला उगाचच वाटलं... आणि तिने नजर टेबलाकडे वळवली.

समोरचा जाडजूड गृहस्थ — सिनिशा त्याचं नाव, शाळेत भूगोल शिकवायचा — हात चोळत म्हणाला, "आता कुठे जातेस, तामिशबाई? वर माझ्या तोफा, खाली माझे सुरुंग. बोतोंद, बुडव तुझी नौका तूच. वजा पाच गुण आणि विषय संपव."

तामिश हे नाव ऐकलं आणि नेवेना जागच्या जागी थबकली.

"वजा पाच कशाबद्दल?" ती म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. सिनिशाने समजूत घातल्यासारखं सांगितलं, "नियम आहे, बाईसाहेब. आपली नौका आपणच बुडवली की पाच गुण जातात."

"कुणी लिहिला हा नियम?"

त्या उंच तरुणाने वर्गातल्या पोरासारखा हळूच हात वर केला.

"माझे पणजोबा तामिशवर भट्टीवाले होते," नेवेना म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, थोडा थंडीने आणि बराचसा रागाने. "महायुद्धात, एकेचाळीसच्या एप्रिलमध्ये, तिसा नदीत चहूबाजूंनी कोंडी झाली. नौका शत्रूला द्यायची नाही असा हुकूम आला. पणजोबांनी स्वतःच्या हातांनी तळाच्या झडपा उघडल्या. ज्या नौकेची भट्टी चार वर्षं पेटती ठेवली, ती बुडताना काठावरून बघितली. बासष्ट माणसं जिवंत उतरली. बासष्ट घरांत कुणीतरी परत आलं... आणि तुम्ही त्याचे वजा पाच करता."

मग तो बोतोंद अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. फक्त... तुमचा मासा माझ्या आघाडीवर गळतोय."

खरंच, पिशवीतून थेंब थेंब पाणी निळ्या कापडावर पडत होतं. सिनिशा हसला, मग सगळेच हसले. नेवेनाला हसायचं नव्हतं. पण हसली.

ती बाहेर पडली तर पाठोपाठ तो आला. हातात तिची मोडकी छत्री.

"ही फेकायची आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. पण मागे यायला काहीतरी निमित्त हवं होतं." तो थांबला. "तामिश खरी कशी दिसायची हो? मला दोनच फोटो मिळालेत. एकात धूर आहे, दुसऱ्यात धुकं. बाकीची मी अंदाजाने बनवलीय."

"तिच्यावर पाऊल ठेवलेला एकच माणूस उरलाय," नेवेना म्हणाली. "आणि तो या माशाची वाट बघतोय."

रादिवोये आजोबांचं वय अठ्ठ्याऐंशी. डोळे अधू होत चाललेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. आताच दिवसाच्या लख्ख उजेडात, खिडकीपाशी धरलं तरच त्यांना नीट दिसायचं. बोतोंदची वीतभर नौका त्यांनी खिडकीत नेली, नाकाजवळ धरली, फिरवली.

"ही तामिश नाही," ते म्हणाले. "ही तामिशची मावसबहीण असेल."

बोतोंदने खिशातून वही काढली. "सांगा, आजोबा."

इतक्या वर्षांत असं 'सांगा' कुणी म्हटलं नव्हतं. लहानपणी शाळेतली पोरं त्यांना 'बुडव्याचा पोरगा' म्हणायची. इतरांचे बाप लढले आणि याच्या बापाने आपलीच नौका बुडवली, असा हिशेब. बापाने कधी तोंड उघडलं नाही, पोरानेही नाही. आता म्हातारा बोलायला लागला तो थांबेना. नौका पाण्यात इतकी खोल बसायची की डेकवरून लाट जायची. बुरूज पुढे एकच, त्यात दोन तोफा. चिलखताच्या पत्र्यांवर अक्रोडाएवढे खिळे. आणि धुराड्याच्या बुडाशी, उबेला, पत्र्याच्या डब्यात तुळशीचं रोप.

"तोफनौकेवर तुळस?" बोतोंदची पेन्सिल थांबली.

"मग? संत निकोलाच्या दिवशी घरासारखीच नौकेचीसुद्धा स्लावा असायची, आपल्या संताचा सण. त्या दिवशी घराच्या संताला तुळस नको? भर डिसेंबरात कुठून आणणार? माझ्या बापाने धुराड्याच्या उबेला हिवाळाभर जगवली होती. चाळीस साली आम्हा पोरांना नौकेवर नेलं होतं, तेव्हा मी हुंगली होती. पाच वर्षांचा होतो मी." ते जरा थांबले. "पोरा, यंदाच्या संत निकोलाच्या दिवसापर्यंत खरी तामिश बनवायला जमेल का रे? पुढच्या वर्षी तू दाखवशील, पण मला दिसणार नाही."

"जमेल," बोतोंद म्हणाला. त्याने किती दिवस उरलेत हेसुद्धा मोजलं नाही. नेवेनाने ते पाहिलं.

दर गुरुवारी तो यायला लागला. दिवसभर नदीत नौकांना वाट दाखवणाऱ्या बोयांची डागडुजी करायची आणि संध्याकाळी अंगाला डॅन्यूबचा वास घेऊन आजोबांच्या टेबलाशी बसायचं. नेवेना दातांच्या कवळ्या बनवायची, त्यामुळे बारीक हत्यारं, मेण, ब्रश हे सगळं तिच्याकडचं. नौकेवरची माणसं बनवायचं काम तिने मागून घेतलं. तांदळाच्या दाण्याएवढी बासष्ट माणसं.

"याला नाक आहे?" बोतोंद भिंगातून बघायचा.

"आहे. आणि तुझ्यापेक्षा सरळ आहे."

"माझं नाक वाकडं आहे हे तू कधीपासून मोजतेस?"

"कवळीवालीची नजर असते. जबडा, नाक, सगळं आपोआप मोजलं जातं."

"मग जबडा कसा आहे?"

"बडबडा आहे," ती म्हणायची आणि मान खाली घालून मेण कोरायची. मान खाली घातली की कान लाल झालेले दिसत नाहीत, असा तिचा समज होता.

एकदा चिमट्याने एक माणूस डेकवर ठेवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. कुणीच हात मागे घेतला नाही. तो माणूस मात्र उलटा चिकटला.

"त्या बिचाऱ्याचं डोकं पाण्यात गेलं," खुर्चीत डोळे मिटून पडलेले आजोबा म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही ना?" नेवेना ओरडली.

"ऐकू येतंय की. दोघं एकाच वेळी श्वास घ्यायचे विसरलात."

त्याच आजोबांनी एका गुरुवारी भिंतीलगतच्या रिकाम्या खुर्चीची गोष्ट सांगितली. नौका बुडाल्यावर त्यांचे वडील नऊ दिवस चालत घरी आले. अंगावर नौदलाचे कपडे, रस्त्यावर शत्रूची फौज. दुसऱ्या दिवशी तिसाकाठच्या एका गावात निळं दार दिसलं म्हणून ठोठावलं. दार उघडलं ते एका हंगेरियन बाईने. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आत घेतलं, रस्सा वाढला, नवऱ्याचा कोट अंगावर चढवला आणि मागच्या वाटेने काढून दिलं. त्या कोटामुळे माणूस घरी पोचला.

"तिच्या भाषेतला एकच शब्द बाप शिकला होता. 'केसेनेम.' आभारी आहे. बापाने तो मलाही शिकवला. तिचं नाव मात्र कळलं नाही. म्हणून स्लावाला एक खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवतो. ताट वाढतो, पेला भरतो."

बोतोंद सेंताचा, तिसाकाठचाच, आईबाप दोघं हंगेरियन. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "आमच्याकडे निळी दारं पुष्कळ आहेत, आजोबा." एवढंच. पण त्या दिवशी निघताना त्याने नेवेनाचा हात जरा जास्त वेळ धरला.

शेवटचा हात फिरवायला बोतोंद नौका आपल्या खोलीवर घेऊन गेला होता. डिसेंबरच्या अठरा तारखेला संध्याकाळी नेवेना पिठात हात घालून उभी असताना त्याचा संदेश आला. 'नौका तयार आहे. उद्या काय करतेस?'

पिठाच्या बोटांनीच तिने लिहिलं, 'उद्या संत निकोला! पहाटेपासून काम.' आणि फोन ठेवून दिला.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा. स्लावाला कुणी बोलावतं का? ज्याला माहीत आहे तो येतो. दार उघडं असतं. जो बोलावून आला तो परका, आणि बोतोंद गेले सात गुरुवार त्यांच्या घरात जेवत होता. त्याला आमंत्रण द्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच झालं असतं. असं तिला वाटलं.

एकोणीस तारखेला सकाळी दहापासून माणसं येऊ लागली. मेणबत्ती लावली होती, तुळशीच्या जुडीशेजारी उकडलेल्या गव्हाचं भांडं होतं. येणारा क्रूसाची खूण करून चमचाभर गहू तोंडात टाकायचा आणि बसायचा. उपासाचे दिवस, त्यामुळे मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. माशाचं सार, भाजलेल्या घेवड्याच्या बिया, तळलेला कार्प. पाहुणे बसलेले आणि घरची माणसं दिवसभर उभी. घरच्या माणसाने स्लावाला बसायचं नसतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा काठी टेकून उभे होते, आणि दर दोन मिनिटांनी खिडकीकडे तोंड करत होते.

सिनिशासुद्धा येऊन तीन वाट्या सार पिऊन गेला. बोतोंदचा पत्ता नाही.

दोन वाजले. नेवेनाने फोन केला. बंद. अडीच वाजले.

"नेवेना," आजोबा हळूच म्हणाले, "उजेड किती आहे गं अजून?"

"तासभर, आजोबा." चार वाजता डिसेंबरातला सूर्य गेला की गेलाच. उद्या दाखवता आली असती म्हणा, पण आजोबांनी उद्या मागितला नव्हता. नौकेची स्लावा आज होती.

देसांका आत्या रश्शाचं भांडं घेऊन चालली होती, ती थांबली. "त्याला सांगितलं होतंस का?"

"आत्या, स्लावाला कोण सांगतं?"

"पहिल्या वर्षी सांगावं लागतं, बाई. एकदा येऊन गेला की मग नाही सांगायचं."

"पण तो काय पहिल्यांदा येतोय? दर गुरुवारी तर..."

"गुरुवारी तो म्हाताऱ्याची नौका बांधायला येतो. स्लावाला कशासाठी येईल? तुझा कोण म्हणून येईल?"

नेवेनाने हातातला डाव टेबलावर ठेवला आणि ॲप्रनसकट धावत सुटली.

टेकडीवरच्या पायऱ्या चढून ती त्याच्या खोलीपाशी पोचली तेव्हा छाती धपापत होती. घरमालकीण दारात. "बोतोंद? तो गेला की दहालाच. सूट घातला होता. मी म्हटलं लग्न आहे की काय कुणाचं."

ती तशीच नदीच्या वाटेने खाली आली. आणि काय बघते! तिच्या घरापासून पन्नास पावलांवर, नदीकाठच्या बाकावर सूट घातलेला एक उंच माणूस बसलेला. खोका पोटाशी धरून, वाऱ्याला पाठ करून, बाहेर काढलेल्या माशासारखा गार पडलेला.

"तू..." तिला धाप लागली होती. "तू इथे किती वेळ आहेस?"

"दहापासून." त्याचे दात वाजत होते. "तीनदा तुमच्या फाटकापर्यंत आलो. एकदा तर कडीला हात लावला."

"मग आत का नाही आलास? फोन कुठाय?"

"थंडीने मेला. आणि... ऑफिसात विचारलं होतं मी. ते म्हणाले, पहिल्या खेपेला घरच्यांनी सांगावं लागतं. न सांगता गेलं तर बरं दिसत नाही. तू लिहिलंस, काम आहे. मला वाटलं, नौका हवी आहे, पण हंगेरियन पोरगा पंगतीत कशाला... तसंही असू शकतं ना. मग म्हटलं, कुणी तुमच्याकडून बाहेर पडलं की त्याच्या हाती खोका पाठवावा. सिनिशा बाहेर आला. पण त्याच्या हाती द्यायचा धीर झाला नाही."

"वेडा आहेस तू," नेवेना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याने नव्हतं. "बोलावलं असतं तर तू पाहुणा झाला असतास, बोतोंद."

"मग मी कोण आहे?"

नदीवरून वारा आला, तिचा ॲप्रन फडफडला. त्याच्या डाव्या कानाच्या पाळीवर आजही राखाडी ठिपका होता. तिने ॲप्रनचं टोक धरलं, पुढे वाकली आणि तो ठिपका पुसला. पहिल्या दिवशी राहून गेलेलं काम.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "त्या वजा पाचच्या दिवसापासून. माझ्या आजोबांना तू 'सांगा' म्हणालास, तेव्हा तर मी पुरती संपले. हे सगळं मी नीट, सावकाश सांगणार होते. पण आत आजोबांचा उजेड चाललाय, तेव्हा ऊठ."

तो उठला. गार पडलेला चेहरा पार उजळला होता. "माझंही... म्हणजे मी तुझ्यावर... छत्रीच्या दिवसापासूनच..."

"चालता चालता बोल."

दोघं धावत आत शिरले तेव्हा खिडकीत फिकट पिवळं ऊन अजून होतं. पाहुण्यांनी वाट करून दिली. बोतोंदने नौका खिडकीच्या कठड्यावर ठेवली, आजोबांनी काठी बाजूला टेकली आणि दोन्ही हातांनी ती उचलली.

बुरुजावरून बोट फिरवलं, चिलखतावरचे खिळे चाचपले. पाण्यात खोल बसलेली तिची कड. मग धुराड्याच्या बुडाशी बोट थांबलं. तिथे मोहरीएवढा डबा होता आणि त्यात हिरवा ठिपका. आजोबांनी नौका नाकाशी नेली आणि हुंगली. पाच वर्षांच्या पोराने हुंगावी तशी.

"हीच," ते म्हणाले. "हीच आहे."

"भट्टीच्या झाकणापाशी बघा, आजोबा," बोतोंद म्हणाला. "तिथला माणूस चिकटवलेला नाही. एकसष्ट चिकटवलेत, हा एकच मोकळा आहे. नियमही बदललाय मी. नौका बुडवली तर वजा काही नाही. जितकी माणसं घरी पोचतील तितके गुण. परवाच्या डावात सिनिशा याच नियमाने हरला."

आजोबांनी बोट ओठाला लावून ओलं केलं आणि तांदळाएवढा तो भट्टीवाला हलकेच उचलला. त्यांनी त्याला मेणबत्तीशेजारी, गव्हाच्या भांड्यापाशी ठेवलं.

"आले घरी," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले. कुणी त्यांना गप्प केलं नाही. देसांका आत्यानेही पदराने डोळे पुसावेत तसे ॲप्रनने पुसले.

मग आजोबांनी बोतोंदचा दंड धरला आणि त्याला भिंतीलगतच्या त्या खुर्चीपाशी नेलं. ताट वाढलेलं होतं, पेला भरलेला.

"ही तर त्या बाईंची..." बोतोंद मागे सरला.

"मला तिचं दार सापडलं नाही, पोरा. इतकी वर्षं खुर्चीलाच आभार सांगतोय. आज तिकडचं माणूस आलंय, न बोलावता, पार गारठून. तसाच माझा बापही तिच्या दारात उभा राहिला असेल." त्यांनी त्याला खांदा दाबून बसवलं आणि अवघडत वाकून म्हणाले, "केसेनेम."

बोतोंद उठायला लागला. सगळं घर उभं आणि आपणच बसलोय, हे त्याला सहन होईना. इतक्यात नेवेनाने त्याच्यासमोर वाफाळत्या साराची वाटी ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याला पुन्हा खाली दाबलं.

"यंदा बसून घे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पुढच्या वर्षापासून तुला आमच्याबरोबर उभं राहायचंय."